जिंतूरच्या डोंगरातला जोडीदार

दहावी झाल्यावर मी जिंतूरच्या डोंगरात वणवा विझवायच्या कामाला लागलो. होळीपासून मिरगापर्यंत रोजंदारी. त्या दिवसांत गवत इतकं वाळायचं, की कुणाची बिडी पडली तरी सगळा उतार पेटायचा.

माझा जोडीदार आमच्याच गावचा, वरच्या आळीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. माझ्याहून बराच मोठा. मी बौद्धवाड्यातला. गावात त्याच्या ओट्यावर मी कधी बसलो नव्हतो. डोंगरात मात्र पहिल्याच दिवशी त्यानं भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी त्याला भाऊ म्हणू लागलो.

पळसाच्या ओल्या डहाळ्यांनी आग कशी झोडपायची, ते त्यानंच शिकवलं. जोरात मारलं की ठिणग्या उडतात, म्हणून दाबून मारायचं. "पळायची येळ आली तर चढावर पळू नको. आग आपल्यापेक्षा लवकर डोंगर चढती. जळल्या जागेत शिर. तितं ती परत येत न्हाई."

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. एका दुपारी आमचा वाडाही पेटवला. वणव्यापुढं उभं राहायची सवय होती मला, पण इथं आग लावणारे काठ्या घेऊन वाट अडवून उभे होते. माझी आई घरात अडकली होती. तेवढ्यात वरच्या आळीतून भाऊ धावत आला. त्याच्या चुलतभावानंच त्याला अडवलं.

"मागं फिर."

"आत म्हातारी हाय," एवढंच तो बोलला आणि त्याला बाजूला सारून आत शिरला. आईला पाठीवर घेऊन बाहेर आला. घर गेलं. आई राहिली.

त्या दिवसापासून वरच्या आळीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. पेरणीला कुणी बैल देईना. पोरगी वयात आली, तर जवळपासच्या गावांतून कुणी विचारीना. एकदा न राहवून मी म्हणालो, "भाऊ, आमच्यापायी लय सोसायलास तू."

"तुमच्यापायी कशाला? आग त्यांनी लावली. डहाळ्या तोड, त्या बाजूनं धूर दिसायलाय."

पुढं मी वनरक्षक झालो. तो शिकलेला नव्हता, त्यामुळं रोजंदारीवरच राहिला. खाकी घालून पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाला, "आता साहेब म्हणावं लागंल." मी म्हणालो, "म्हणून तर बघ." दोघंही हसलो.

नंतरच्या एका चैत्रातली गोष्ट. सकाळी डोंगर चढताना त्यानं सांगितलं, "आज लवकर निघायचंय. पाव्हणे यायलेत पोरीला बघायला. लांबचे हायेत, चांगले वाटायलेत." दुपारी खालच्या अंगाला वणवा लागला. घळीत दोन बाया सरपण गोळा करत होत्या. त्यांना हाका मारत तो खाली उतरला, मी वरचा पट्टा धरला. वारा फिरला. घळीतून धुराचा लोट उठला. दोघी पलीकडच्या अंगानं खोकत वर आल्या. त्यांच्यामागं तो येईल म्हणून मी बघत राहिलो.

आग विझल्यावर तो सापडला. आधीच जळून गेलेल्या जागेपासून हातभर अंतरावर.

त्याचा मृतदेह घरी आणला, त्याच्या पाठोपाठ पाहुणे आले. दारातली गर्दी पाहून पाणीही न पिता परतले. इतकी वर्षं न बोललेली भावकी आली, तिरडी त्यांनीच बांधली. मी खांदा द्यायला पुढं झालो तर तोच चुलतभाऊ म्हणाला, "तुमी मागं ऱ्हावा." भाऊचं प्रेत मधे ठेवून भांडण नको म्हणून मी मागं राहिलो. स्मशानापर्यंत मागंच चालत गेलो.

दिवस झाल्यावर वहिनींकडं गेलो. त्यांनी विचारलं, "शेवटचं काय बोलले?" पोरगी चौकटीशी उभी होती. मला खोटं सुचलं नाही. "आज लवकर निघायचं, म्हणाले." वहिनी म्हणाल्या, "मंग निघायचं व्हतं की."

वर्षभरानं तेच पाहुणे पुन्हा आले आणि पोरगी त्यांच्याच घरी पडली. लग्नात वहिनींनी मला मामा म्हणून अंतरपाटाच्या वेळी पोरीमागं उभं केलं. कुणी हरकत घेतली नाही.

नोकरी चालूच राहिली. हाताखाली नवे मजूर यायचे, त्यांना मी पळायचं कुठं ते सांगायचो.

अखेर विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं तेव्हा आम्ही परभणीला राहत होतो. गल्लीत गुलाल उधळत होते. आई फार थकली होती, कालचं आजचं तिला आठवत नसे. मी तिच्या तोंडात पेढा घातला. तिनं तो हळूहळू खाल्ला आणि म्हणाली, "तुझ्या त्या भाऊला कळलं का रं? त्यानं मला पाठीवर घेतलं व्हतं. जा, सांगून ये."

मी चपला घातल्या. गल्लीच्या टोकाला जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. परत आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणला?"

"लय खूश झाला," मी म्हणालो.