पुढची चाकं गार होती

ती घटना आजही आठवते, ती वाफेमुळे. तेव्हा मी राजुऱ्याकडच्या एका ठाण्यात सहायक फौजदार होते. शिक्षण सातवी. शिपाई म्हणून भरती झाले आणि वर्षं भरत गेली तशी वर सरकले. नावं कोणाचीच घेणार नाही, त्यांची घरं अजून तिथेच आहेत.

श्रावणातली दुपार, पाऊस लागून होता. कोळशाने भरलेला दहाचाकी ट्रक नाल्याच्या उतारावर आवरला नाही. धानाचा रोवणा आटोपून तीन बायका पुलावरून गावाकडे निघाल्या होत्या. डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, त्यामुळे मागचा हॉर्न उशिरा ऐकू आला. दोघी कठड्याला चिकटल्या. तिसरी चाकाखाली सापडली आणि जागीच गेली.

ठाणं जवळ होतं. आम्ही दहा मिनिटांत पोहोचलो तोवर लोकांनी ड्रायव्हरला खाली ओढून चोपलं होतं. जो तो म्हणत होता, "पिऊन आहे." त्याला जीपमध्ये बसवलं आणि मी पंचनाम्याला लागले. ट्रकच्या मागच्या चाकांत पाण्याचा सपकारा गेला की चर्र आवाज होऊन वाफ निघत होती, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. पुढच्या चाकांवरून पाणी नुसतं ओघळत होतं. आत हात घालून पाहिला. गार. मी तसं लिहून घेतलं.

ठाणेदार साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "बाई, हा पंचनामा आहे की स्वयंपाक?"

"दिसलं ते लिहिलं, साहेब."

"काढून टाका ते."

"पंचांच्या सह्या झाल्या."

मग ते राहिलं. त्याचा अर्थ मात्र मलाही कळला नव्हता.

ड्रायव्हर वडशाकडचा, चाळिशीचा. डॉक्टरांनी तपासलं, दारूचा वास नव्हता. रक्ताचा अहवाल यायला वेळ लागतो. तोवर गावाच्या लेखी तो पिऊनच होता आणि तसं ठरलं असतं तर त्याला जास्त वर्षं आत काढावी लागली असती. गेलेल्या बाईचा नवरा ठाण्याच्या बाकावर बसून होता. त्याचं एकच होतं, "काऊन मारलं, तेवढं विचारा त्याले."

मी विचारलं.

"मी थेंब घेत नाई, बाई. दुसऱ्या गिअरात होतो. हॉर्न देला, ब्रेक मारला. गाडी सरकतच गेली."

"ब्रेक फेल झाले?"

"नाई जी. ब्रेक लागले ना!"

इथे मी थांबले. अपघात करून आलेला जवळपास प्रत्येक ड्रायव्हर ब्रेक फेल म्हणतो, कारण त्यात आपली चूक कमी दिसते. मी स्वतः ते त्याच्या तोंडात घालत होते आणि तो घेत नव्हता. असा माणूस एकतर मूर्ख असतो, नाहीतर खरं बोलत असतो.

खबर तिसऱ्या दिवशी मिळाली, तीही चहाच्या टपरीवर. ट्रक अड्ड्यावर टपरी चालवणारी बाई कप विसळताना म्हणाली, "पानी लागलं का मिस्त्रीपाशी गाड्यायची लाईन लागते. समोरचे ब्रेक ढिले करून घेतेत सारे. तुमचा तो पिदाडबी होता लाईनीत. पिदाड कशाचा, दोन चहा पेला, मिस्त्रीलेबी पाजला."

मिस्त्रीला बोलावलं. साठीचा माणूस, रुबाबात आला. मी वही उघडून ठेवली आणि काही वेळ बोललेच नाही. गप्प राहिलं की हुशार माणूस आधी बोलतो.

"ढिले केले, मंग? ओल्या रस्त्यावर समोरचा ब्रेक धरला तर स्टेरिंग खेचते, गाडी आडवी होते. आमचे उस्तादबी असंच करत. मी गाड्या वाचवून राह्यलो बाई, अन् तुमी मलेच बसवून राह्यले!"

मी त्याला चहा दिला. माझा बाप धानाची बंडी हाकायचा. उताराला लागलो की आम्ही पोरं खाली उतरून बंडी मागे ओढायचो, कारण सगळा भार बैलांच्या मानेवर यायचा. ते आठवलं आणि विचारलं, "मिस्त्री, भरली गाडी उताराले लागली का भार कुठी येते?"

त्याने कप खाली ठेवला.

"समोर," तो म्हणाला.

आरटीओच्या निरीक्षकाने चाकं उघडली. मागचे ब्रेक जळून काळे पडलेले, पुढच्यांवर गंज. साहेबांनी माझा पंचनामा पुन्हा मागवून घेतला. या वेळी हसले नाहीत.

मी ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, "मीच करायले सांगितलं होतं. पान्यापावसात गाडी सांभाळून चालवावी म्हनून." मग म्हणाला, "घट्ट असते तर थांबली असती का?"

"ते मले सांगता येत नाई. पण अर्धे ब्रेक तू मिस्त्रीपाशीच ठेवून आला होता."

त्याने पाणी मागितलं, दिलं. "तिच्या मालकाले सांगजा, पेलो नव्हतो," एवढंच तो बोलला.

बाकावरच्या माणसाला मी सगळं सांगितलं. "म्हंजे मुद्दाम केलं?" त्याने विचारलं. "हो, मुद्दाम. गाडी आडवी होऊ नये म्हणून," मी म्हटलं. तो उठला आणि गेला. पुन्हा ठाण्यात आला नाही.

रक्तात दारू निघाली नाही. निष्काळजीपणाबद्दल ड्रायव्हरला शिक्षा झाली. मिस्त्रीही आरोपी होता. त्याने कोर्टात पुन्हा उस्तादाचं नाव सांगितलं.

आधी मी लोकांना विचारायचे, काळजी घेतली होती का. सगळेच हो म्हणतात. या प्रकरणानंतर मी विचारत गेले, कोणती काळजी घेतली. उत्तर तिथे सापडतं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या पावसाळ्यात त्याच उताराखाली आम्ही नाकाबंदी लावली होती. मी प्रत्येक ट्रकच्या पुढच्या चाकाजवळ हात नेत असे. गार लागलं की गाडी बाजूला. एक ट्रक मी न थांबवताच थांबला. तोच ड्रायव्हर खाली उतरला, केस पांढरे झाले होते. नमस्कार वगैरे काही नाही.

"पाहा, बाई."

मी हात नेला. चटका बसला.

"जा," मी म्हटलं.