चार शब्दांचा निरोप

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. अमेरिकन सैन्यात चार वर्षं होतो, पण लढाई पाहिलेली नाही, आणि स्पेशालिस्ट फोरच्या वर माझा हुद्दा गेला नाही. वडील मिशिगनमध्ये ट्रॉयजवळ गाड्यांच्या कारखान्यात लेथवर काम करतात. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, तोही सैन्याने फी भरली म्हणून. मंडळाच्या या अंकात डॉक्टर काका आणि इंजिनिअर काका लिहितात. तिथे मी लिहावं का, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. माझं मराठी आईकडून ऐकून शिकलेलं आहे, शुद्धलेखनही तिनेच तपासलं आहे. तरी इंग्रजीत हे लिहिता आलं नाही. चूक मराठीमुळे झाली, म्हणून ती मराठीत सांगतो.

१९८३ साली माझं पोस्टिंग टेक्सासमधल्या एका तळावर होतं. मी रेडिओ ऑपरेटर होतो. दिवसा ट्रेनिंगचं काम, आणि आठवड्यातून तीन दुपारी तळावरच्या हौशी रेडिओ स्टेशनवर ड्यूटी. तिथून सैनिकांचे घरगुती निरोप जायचे-यायचे. देशभरातले हौशी ऑपरेटर आपापल्या घरून ते पुढे पोचवायचे. मुलगा झाला, आजी गेली, गाडी विकली, असे निरोप. ते फॉर्मवर लिहायचे, मूळ प्रत लॉगच्या वहीत ठेवायची आणि माणसाला कळवायचं. स्टेशन साडेचारला बंद व्हायचं.

किसून आमच्याच तुकडीत इंधनाचा ट्रक चालवायचा. तो सुरिनामचा. दक्षिण अमेरिकेतला हा छोटा देश १९७५पर्यंत डच लोकांच्या ताब्यात होता. त्याच्या पणजोबांना बिहारमधून उसाच्या मळ्यांवर नेलं होतं. नावाच्या पट्टीवर डच स्पेलिंग होतं, ते कुणालाच धड वाचता यायचं नाही. पहिल्या दिवशी मेसमध्ये तो समोर येऊन बसला आणि त्याच्या घरच्या हिंदीत म्हणाला, "तू हिंदुस्तानी?" मी हो म्हणालो आणि माझ्या हिंदीत काहीतरी बोललो. तो हसला. "भाई, तोर हिंदी तो हमार मेजर से भी खराब है." आमचा मेजर अलाबामाचा होता.

त्या दिवसापासून फर्स्ट सार्जंट आम्हाला 'कझिन्स' म्हणायला लागले. फर्स्ट सार्जंटला सगळे टॉप म्हणतात, मीही तेच म्हणेन. किसूनच्या दहा शब्दांतले सहा मला कळायचे, उरलेले चार मी अंदाजाने भरायचो. ते तो चालवून घ्यायचा.

घरचं तो कमी सांगायचा. देश स्वतंत्र झाला तेव्हा प्रत्येकाला पासपोर्ट निवडावा लागला, डच किंवा सुरिनामचा. आई धाकट्या बहिणीला, शांतीला, घेऊन हॉलंडमध्ये हेगला गेली आणि तिथे ऑफिसं साफ करायला लागली. वडील आधीच वारले होते. मोठा भाऊ सुरिनामच्या राजधानीत, पारामारिबोला राहिला. तो शाळेत शिकवायचा. किसून तेव्हा सोळा वर्षांचा होता. आईने दोघांना बोलावलं. भाऊ म्हणाला, मी इथला आहे. किसून म्हणाला, भैया जिथे तिथे मी. पुढे भैयानेच त्याला न्यू जर्सीतल्या मावशीकडे शिकायला पाठवलं. शिक्षण झालं नाही, म्हणून तो सैन्यात आला. भैयाने त्याला शिकायला पाठवलं आणि तो ट्रक चालवतो, याची त्याला लाज वाटायची. ते मला समजत होतं.

त्यांचं घर लाकडी, उंच खांबांवर उभं. कुटुंब वर राहायचं आणि दुपारी सगळे खाली सावलीत येऊन बसायचे. तिथे दोरीचा झुला टांगलेला होता. भैया खाली बसूनच वह्या तपासायचा. हे किसूनने मला तीन-चारदा सांगितलं होतं. पुढे जे झालं त्यासाठी ते महत्त्वाचं आहे.

१९८०मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली. ८२च्या डिसेंबरमध्ये सरकारविरुद्ध बोलणाऱ्या काही मोठ्या माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. भैयाची पत्रं जानेवारीपर्यंत आली, मग थांबली. आईने हेगहून फोन करून किसूनला बजावलं, तू तिकडे जायचं नाहीस, एक तरी मुलगा मला राहू दे.

एप्रिलमध्ये त्याला चौदा दिवसांची रजा मिळणार होती. रजेच्या फॉर्मवर त्याने दोन पत्ते लिहिले, हेग आणि पारामारिबो, आणि टॉपना सांगितलं की एक नंतर खोडतो. भैयाच्या शेजारच्या बाईकडे त्याने रेडिओवरून एकच प्रश्न पाठवला होता. भैया घरी आहे का? असला तर किसून जाऊन त्याला देशाबाहेर काढणार होता. नसला तर आईकडे जाणार होता.

उत्तर गुरुवारी आलं. किसून बारा मैलांवर फील्ड एक्सरसाइजमध्ये होता. टॉपना चार वाजेपर्यंत रजेचा एकच पत्ता हवा होता. १३४० वाजता, म्हणजे दुपारी एक चाळीसला, फ्लोरिडातल्या एका म्हाताऱ्या हौशी ऑपरेटरने मला बोलावलं. त्याला तो निरोप सुरिनामशेजारच्या गयानातल्या कुणाकडून मिळाला होता. भाषा त्याला येत नव्हती, त्यामुळे तो रेडिओवरच्या ठरलेल्या शब्दांत एकेक इंग्रजी अक्षर सांगत होता.

"ब्राव्हो, होटेल, अल्फा, इंडिया, यांकी, अल्फा. ब्रेक. किलो, एको. ब्रेक. गोल्फ, होटेल, अल्फा, रोमिओ. ब्रेक. किलो, होटेल, अल्फा, लिमा, इंडिया. चार शब्द. ओव्हर."

मी लिहिलं. भैया के घर खाली.

मला वाचताक्षणी कळलं. भैयाच्या घरी, खाली. खांबांवरचं घर आणि झुला डोळ्यांसमोर आला. आपल्याला हे कळलं याचा मला आनंद झाला, हे लपवत नाही.

फील्डचा रेडिओ एक्सरसाइजसाठी होता. ड्यूटी सार्जंट म्हणाला, तीस सेकंद, आणि इंग्रजीत. किसूनला सेटवर बोलावलं.

"तुझा भाऊ घरी आहे. खालीच बसलाय. ओव्हर."

"परत सांग."

"घरी आहे. खाली. ओव्हर."

मग तो म्हणाला, "रॉजर. टॉपला सांग, पारामारिबो. आउट."

मूळ चार शब्द वाचायला मला पाच सेकंद लागले असते. सार्जंटने तेवढी सूट नक्की दिली असती. मी मागितली नाही.

हेगचा पत्ता मीच खोडला, १४१५ वाजता, टॉपसमोर. ते म्हणाले, "हे पारामारिबो आहे तरी कुठे?" मी भिंतीवरच्या नकाशावर दाखवलं.

शुक्रवारी संध्याकाळी किसून परत आला तेव्हा स्टेशन बंद होतं आणि लॉग कपाटात होता. बॅग भरताना त्याने विचारलं, और कुछ बोला? मी म्हणालो, एवढंच. शनिवारी सकाळी सहाच्या बसने तो गेला. माझा इस्त्री केलेला शर्ट मागून घेऊन गेला. भैयासमोर जरा नीट दिसायला हवं, म्हणाला.

रविवारी मी आईला फोन केला. घरी सांगण्यासारखं मी फार काही करत नव्हतो, म्हणून हे सांगितलं. माझ्या हिंदीमुळे एका माणसाला त्याचा भाऊ सापडला, असं.

आई म्हणाली, "काय होते शब्द? परत सांग."

"भैया के घर खाली."

तिने मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

"अरे," ती म्हणाली, "हिंदीत खाली म्हणजे रिकामं."

मी धावत टॉपच्या घरी गेलो. त्यांनी विमान कंपनीला फोन केला. विमान आदल्या संध्याकाळीच उतरलं होतं. स्टेशन उघडून घेतलं आणि फ्लोरिडातल्या म्हाताऱ्याला रेडिओवर तीन दिवस बोलावलं. तो सापडला, गयानाचा माणूस सापडला नाही. टॉप म्हणाले, "सोल्जर, तो रजेवर आहे. वाट बघ."

पंधराव्या दिवशी सकाळच्या हजेरीत नाव घेतलं गेलं. किसून. तीनदा. मी त्याच्या रिकाम्या जागेच्या शेजारी उभा होतो. त्या दिवशी तो गैरहजर लागला, आणि तीस दिवसांनी कागदावर पळपुटा झाला. त्याचं लॉकर उघडून यादी करायचं काम मला दिलं. मोज्यांच्या चार जोड्या, डच शब्दकोश, बहिणीचा फोटो. मी टॉपना सांगितलं की चूक माझी आहे, तो पळालेला नाही. ते म्हणाले, लिहून दे. मी लिहून दिलं. कागद वर गेला. उत्तर आलं नाही.

८५मध्ये मी सैन्यातून बाहेर पडलो आणि मिशिगनला कॉलेजात नाव घातलं. हेगचा तो खोडलेला पत्ता मी उतरवून ठेवला होता. दर सहा महिन्यांनी शांतीला पत्र लिहायचो. मी किसूनचा मित्र, काही कळलं का, एवढंच. लॉगमधल्या त्या चार शब्दांबद्दल कधी लिहिलं नाही. पाच पत्रांना उत्तर नव्हतं.

सहाव्याचं उत्तर या सप्टेंबरात आलं. इंग्रजीत, दोन पानी. माझ्या आईला ते मी वाचून दाखवलं. इथे थोडक्यात देतो.

भैया जिवंत आहे. त्याला पकडायला येणार हे कळल्यावर तो आतल्या गावांत लपला होता. ८३च्याच मे महिन्यात होडीतून नदी ओलांडून पलीकडच्या फ्रेंच हद्दीत गेला, आणि आता हेगला आईजवळ आहे. नदीपर्यंत तो पोचू शकला, कारण एप्रिलनंतर त्याला कुणी शोधत नव्हतं.

शेजारच्या बाईने किसूनला दारातच सांगितलं होतं की घर रिकामं आहे, मी तसा निरोपही पाठवला होता, तू परत जा. तो म्हणाला, माझ्या मित्राने स्वतः निरोप घेतलाय, भैया आसपासच असेल, येईल. दोन दिवस तो घराखाली झुल्यात बसून राहिला. तिसऱ्या दुपारी जीप आली. माणसांनी भैयाचं नाव घेऊन विचारलं, तूच का? बाईने कुंपणापलीकडून ऐकलं. तो उठला, शर्ट नीट केला आणि म्हणाला, हो, मीच.

चार वर्षं त्याचं काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं. या उन्हाळ्यात तिथल्या तुरुंगातून सुटून आलेला एक माणूस त्यांच्या आईला भेटायला गेला. त्याने सांगितलं की धाकटा पकडला गेला त्याच आठवड्यात तिथे वारला, आणि शेवटपर्यंत भैयाच्याच नावाने हाकेला ओ देत होता.