विधुराच्या घरातला रविवार

इथे दक्षिण गोलार्धात वसंत असतो तेव्हा, सप्टेंबरच्या अखेरीस, क्वेकर्स हिल या उपनगरातल्या कुंपणांवर जाई फुलते आणि तिचा गोड, किंचित गुदमरवणारा वास उघड्या खिडकीतून येऊन टीव्हीच्या राखाडी उजेडात रेंगाळतो. मिलिंदच्या घरातल्या रविवारच्या दुपारी मला आठवतात त्या अशा, भर वसंतातल्या आणि तरीही रंग काढून घेतलेल्या. पडद्यावर एक जुनी कृष्णधवल काउबॉय मालिका चाललेली असे: बायको वारलेला उंच, अबोल बाप, त्याचा लहानगा मुलगा, माळावरचं लाकडी घर आणि दाराशी टेकवलेली बंदूक. समोर सोफ्यावर तसेच दोघे, मिलिंद आणि त्याचा अकरा वर्षांचा ईशान. ईशानची आई रेणुका कॅन्सरने गेली, आणि त्यानंतरच्या एका निःशब्द सुट्टीत चॅनेल बदलता बदलता या बापलेकांना ते बापलेक सापडले होते.

मी बाजूच्या खुर्चीत. मीही मिलिंदसारखी पुण्याचीच, शिकायला या देशात आले, इथेच राहिले, लग्न केलं, ते मोडलं, आता जवळच्याच पेंडल हिलला एकटी राहते. मिलिंदची नि माझी ओळख वर्षभरात मैत्रीच्या पुढे सरकली होती, निदान माझ्या बाजूने तरी. या घरात आपल्याला जागा आहे का, एवढंच मला त्या दिवसांत जाणून घ्यायचं होतं आणि नेमकं तेच विचारायची छाती होत नव्हती.

त्या मालिकेची एक रीत होती. अधूनमधून गावात एखादी बाई उतरे, कधी शिक्षिका, कधी शिवणकाम करणारी, चांगली हसरी. तिच्या हातचं बापलेक चवीने जेवत, आणि भाग संपता संपता ती घोडागाडीत बसून चालती होई. पुढच्या रविवारी तिचं नावही कुणी काढत नसे. एकदा अशीच एक पाहुणी पायरी उतरत असताना ईशान माझ्याकडे न बघता म्हणाला, “दे नेव्हर स्टे.” मला ते लागलं. पोराला मी नको आहे, असा सरळ अर्थ मी काढला आणि त्या दिवसापासून त्याची मर्जी राखू लागले. त्याच्यासाठी मऊ शिरा कर, त्याला क्रिकेटच्या प्रॅक्टिसला ने. एकदा पोरगं वळलं की सगळं जमेल, असं वाटायचं.

पितृपक्षातली अविधवा नवमी त्या वर्षी रविवारी आली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. मिलिंदच्या आईने पुण्याहून फोनवर सगळं बजावलं, आणि त्याने ते माझ्यावर सोपवलं. मी दुकानं धुंडाळून अळू आणलं, भरडाचे वडे तळले, खीर आटवली. रेणुकाच्या स्वयंपाकघरात, तिच्याच कढईत रांधत होते, आणि खरं सांगायचं तर सुखात होते; असलं काम परक्याला कोण सांगतं, असं मनाशी घोळवत होते. सवाष्ण म्हणून ब्लॅकटाउनची पल्लवी आली, रेणुकाची मैत्रीण. मी घटस्फोटित, तेव्हा तो मान माझा नव्हेच, आणि त्याचं मला दुःखही नव्हतं. पण मिलिंदने टेबलावर पानं मांडली ती तीनच: पल्लवीचं, ईशानचं आणि स्वतःचं.

“व्हाय इझंट शी ईटिंग विथ अस?” ईशानने विचारलं.

“शी इज जस्ट हेल्पिंग आउट, मेट,” मिलिंद म्हणाला, आणि त्याने माझ्या हातून आणखी एक वडा वाढून घेतला.

त्याच्या स्वरात तुच्छता नव्हती, टाळाटाळही नव्हती. तो अगदी सहज बोलला होता. सगळ्यांचं झाल्यावर मी ओट्याशी उभ्यानेच चार घास खाल्ले. अळूची भाजी उत्तम झाली होती.

ओटी घेऊन पल्लवी गेली आणि नेहमीच्या वेळेला मालिका सुरू झाली. मी दारातूनच बघत होते. त्याही दिवशी माळावर एक बाई आली होती. इतक्या रविवारांत जे माझ्या ध्यानात आलं नव्हतं ते तेव्हा आलं: तो मुलगा आलेल्या बाईला कधीच घालवत नाही, उलट धावत जाऊन तिची पेटी आत आणतो. निरोप देतो तो बाप. बायकोमागे एकट्याने पोर वाढवणारा माणूस म्हणून अख्खं गाव त्याला मानतं, आणि तो मान त्याला कुणाबरोबर वाटून घ्यायचा नसतो.

“इथे बस ना,” ईशान मराठीत म्हणाला. एरवी तो माझ्याशी इंग्रजीतच बोलत असे. उशी उचलून तो सोफ्याच्या कडेला सरकला, मी बसले, आणि त्याने पडद्यावरची नजर न काढता दोन्ही पाय खुशाल माझ्या मांडीवर टाकले.

तेवढ्यात मिलिंद आतून एक पिशवी घेऊन आला. इतक्या दिवसांत या घरी येऊन साठलेले माझे सगळे डबे त्यात होते, घासून पुसून कोरडे केलेले.

“तुझे डबे,” तो म्हणाला. “बघ, सगळे आहेत ना.”

डबा रिकामा परत करू नये, म्हणून त्याने प्रत्येकात आठवणीने चिमूटभर साखर घातली होती. तो पिशवी पुढे धरून उभा होता, आणि ईशानचे पाय मांडीवर असल्यामुळे मला ती घ्यायला उठता येत नव्हतं.