चालत्या पायाचा फोटो

मला लिहायची सवय नाही. आयुष्यभर हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं आणि कापलं. लिहिणं म्हणाल तर ओल्या प्लास्टरवर तारीख टाकण्यापुरतं. आमच्या फोटोवाल्याबद्दल कुणीतरी लिहावं असं फार दिवस वाटत होतं. दुसरं कुणी लिहील अशी चिन्हं दिसेनात, म्हणून बसलो आहे.

त्याला सगळे ‘थांबा’ म्हणत. डॉक्टर मंडळी त्यातल्या त्यात मान देऊन ‘थांबाकाका’ म्हणत. त्याची खोली माझ्या प्लास्टरच्या खोलीला लागून, लांबट, बोळासारखी. एका भिंतीला राखाडी रंग आणि त्यावर काळ्या रेघांचे चौकोन. भिंतीलगत पेशंटला चालायला एक लाकडी पट्टा. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पेशंटच्या पायांचे, पाठीचे, खांद्यांचे फोटो काढणं हे त्याचं काम. चालणाऱ्या पेशंटसाठी त्याची स्वतःची एक पद्धत होती. पेशंट पट्ट्यावरून चालू लागला की हा एका गुडघ्यावर बसून कॅमेऱ्याला डोळा लावायचा आणि पाऊल हवेत आलं की म्हणायचा, ‘थांबा’. पेशंट बिचारा एका पायावर बगळ्यासारखा उभा. तो कलंडू नये म्हणून मागून धरायला मला बोलावलेलं असायचं.

‘पेशंट पडला तर तुझ्या नावावर, फोटो पडला तर माझ्या,’ असं तो म्हणे. एकही पेशंट पडला नाही. फोटोही सहसा पडत नसत.

मग एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात त्या त्याच्या खोलीत येऊन फोटो बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘काका, फोटो सुंदर आहेत हो. पण थांबलेला पाय मला काय सांगणार? मला चालता पाय हवाय.’

हे त्याच्या जिव्हारी लागलं असावं, कारण दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही. मॅडमनी मात्र वरच्यांच्या मागे लागून एक कॅमेरा काही दिवस वापरून बघायला आणवला. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही काढणारा, अगदी बड्या स्टुडिओवाल्यांचा नाही आणि हौशी लोकांचाही नाही, मधला. दुकानाने सोबत आपला एक माणूसही लावून दिला होता. कॅमेरा ठेवायचा की परत पाठवायचा, ते थांबाने सांगायचं होतं.

तो कॅमेरा घेऊन घरी गेला आणि बायकोला कामाला लावलं. मी संध्याकाळी त्यांच्याकडे डोकावलो तर वहिनी स्वयंपाकघरापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होत्या.

‘बघा भावजी,’ त्या म्हणाल्या. ‘लग्नापासून माझा एक फोटो धड काढला नाही ह्यांनी. आता म्हातारपणी चालवून बघतायत, गाय विकत घेतल्यासारखं.’

‘हळू चाल,’ तो म्हणाला.

‘हळूच चालते. गुडघे तुमच्या दवाखान्याला दाखवलेत मी.’

फोटोंच्या बाबतीत त्याला काही बोलायला जागा नव्हती. एका दिव्याच्या उजेडात काढलेल्या फोटोत वहिनींच्या कानामागचा केस न् केस सुटा दिसत होता. वहिनींनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, ‘हा कॅमेरा परत द्या.’

व्हिडिओचं गणित वेगळं होतं. व्हिडिओ सुरू केला की डोळा लावायच्या भोकात काळोख व्हायचा. आतला आरसा वर उचलला जातो, म्हणून मागच्या पडद्यावर बघून काढायचं. आयुष्यभर एक डोळा मिटून काम केलेल्या माणसाला हे उघड्यावर आंघोळ केल्यासारखं वाटत होतं. कॅमेऱ्याला आपणहून फोकस धरायला सांगितलं तर वहिनी दोन पावलं पुढे येईपर्यंत चित्र अंधूक, मग स्पष्ट, मग पुन्हा अंधूक. म्हणून फोकस हाताने धरायचा. ट्यूबलाइटखाली चित्रावरून काळे पट्टे सरकत. शटरचा वेग खाली आणला तेव्हा ते गेले. एकेक गाठ त्याने शांतपणे सोडवली. निघताना मला म्हणाला, ‘फोटोला पैकीच्या पैकी. व्हिडिओला अजून मार्क देत नाही.’

आता शिवणकाम करणाऱ्या बाईंबद्दल सांगायला हवं, कारण कॅमेऱ्याची खरी परीक्षा त्यांच्या पायावर झाली.

कापडाचं गाठोडं घेऊन त्या जिन्यावरून पडल्या होत्या. हाड जुळलं, पण गुडघ्याखालची नस दुखावली आणि उजवं पाऊल लुळं पडलं. चालताना पाऊल लोंबायचं, बोटं जमिनीला घासायची. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्य सर्जन, यांचं मत होतं की घोट्याचा सांधा कायमचा जाम करून टाकावा. बाई चालतील, अडखळणार नाहीत. पण घोटा पुन्हा वाकणार नाही, आणि बाईंचं पोट पायाने चालवायच्या शिवणयंत्रावर होतं.

‘मोटरचं मशीन घ्या म्हणतात,’ बाई मला एकदा म्हणाल्या होत्या. ‘मोटरला काय डोक्यानं दाबायचं? तिलाही पायच लागतो.’

मॅडमना मात्र वाटत होतं की नस जागी होते आहे. चालताना एखाद्या पावलाला बोटं आपणहून वर येतात असं त्यांनी पाहिलं होतं. नसेच्या तपासणीत धड काही कळलं नव्हतं, आणि मोठे सर म्हणाले होते, ‘तुम्हाला दिसलं. मला दिसू द्या.’ ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेलं. त्या दुपारी डॉक्टरांची बैठक होती, ती संपली की मोठे सर निघून जाणार होते. तेवढ्यात चालता पाय त्यांच्यापुढे ठेवायचा, नाहीतर घोटा गेला.

अडचण अशी की बाईंचं पाऊल लवकर दमायचं. ‘उठल्या उठल्या ऐकतं,’ त्या म्हणायच्या, ‘मग मेल्यासारखं पडतं.’

कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला. मी नेहमीसारखा बाईंच्या मागे. दुकानाचा माणूस दाराशी हाताची घडी घालून उभा. पहिल्यांदा बाई चालल्या तेव्हा खिडकीचा उजेड भारी पडला आणि पाय काळा आला. थांबाने खिडकीवर कापड ओढलं. दुसऱ्यांदा मध्येच फोकस त्याच्या हातून निसटला. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या आणि बघत नाही असं दाखवत होत्या.

‘ताई, आणखी एकदा जमेल?’ थांबाने विचारलं.

‘जमवते.’

तिसऱ्यांदा मी बाईंच्या पायाकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मला भीती होती, हा ‘थांबा’ म्हणणार आणि बाई सवयीने थांबणार. त्यालाही तीच भीती असावी. त्याने खालचा ओठ दातांत घट्ट धरला होता. बाई चालत आल्या, वळल्या, परत गेल्या. तो अवाक्षर बोलला नाही. मॅडम हळूच म्हणाल्या, ‘दिसलं. आत्ता दिसलं मला.’

आम्ही सगळे कॅमेऱ्याच्या पडद्याभोवती वाकलो. बाई चालत येत होत्या. उजवी टाच उचलली गेली, पाऊल सुटलं, आणि चित्र जागच्या जागी गोठलं. पुढे सरकलं तेव्हा पाऊल जमिनीवर टेकलेलं होतं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. नेमकं हवं होतं तेवढंच गायब.

‘बिघडलाय तुमचा कॅमेरा,’ मॅडम दुकानाच्या माणसाला म्हणाल्या.

‘बिघडलेला नाही, मॅडम. ह्यांनी फोटोचं बटण दाबलं. व्हिडिओ चालू असताना फोटो काढला की तेवढा वेळ व्हिडिओ अडतो.’

‘मी नाही दाबलं,’ थांबा म्हणाला.

त्या माणसाने पुढचं चित्र आणलं. फोटो होता. बाईंचं पाऊल हवेत, बोटं वर, नखाशेजारची सुई रुतल्याची जुनी खूणसुद्धा स्पष्ट. थांबाने आयुष्यभर काढला तसाच, त्याच क्षणाचा. तोंड आवरलं होतं. बोटाला कुणी सांगितलंच नव्हतं.

‘फोटोत बोटं वर दिसतायत की,’ मी म्हणालो.

‘सर म्हणतील झटक्यानं उडाली असतील,’ मॅडम म्हणाल्या. ‘ती कशी वर जातात ते दिसायला हवं.’ मग म्हणाल्या, ‘मी सांगते त्यांना, कॅमेऱ्याने दगा दिला. वेळ मागून बघते.’

‘त्याच्यावर ढकलू नका,’ थांबा म्हणाला. ‘तो बरोबर चालला. बोट माझं आहे.’

बाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पाऊल उचलून बघितलं. उचललं गेलं नाही. ओल्या फडक्यासारखं लोंबत राहिलं. थांबा त्यांच्याकडे बघू शकत नव्हता. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘काका, तुमचं बोट नको तेव्हा चालतं आणि माझं पाऊल हवं तेव्हा चालत नाही. आपली जोडी चांगली जमलीय.’

कुणी हसलं नाही, पण खोलीत जरा हवा आली.

‘मला आडवं होऊ द्या,’ त्या म्हणाल्या. ‘पाय वर ठेवते. येईल ते परत. यायलाच लागेल.’

मी त्यांना माझ्या टेबलावर झोपवलं, पायाखाली उशी दिली, पोटरीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली. मॅडम बैठकीला गेल्या. बाईंचा विषय शेवटी घ्या असं सांगण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं. दुकानाचा माणूस फोनवर कुणाला तरी उशीर होईल म्हणून सांगत होता. बाई डोळे मिटून पडल्या होत्या, पण झोपल्या नव्हत्या. ओठ हलत होते. दर थोड्या वेळाने मी तळव्याला हात लावून बघत होतो. गार होता.

अचानक थांबाने उजवा हात माझ्यापुढे धरला. ‘हे बोट बांध.’

‘काय?’

‘पट्टी लाव. मोडल्यासारखं बांध. वाकता कामा नये.’

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याचा चेहरा बघून मी उठलो. बोटाखाली धातूची पट्टी ठेवली आणि वरून बँडेज गच्च आवळलं. त्याने वाकवून बघितलं. ‘अजून,’ म्हणाला. आणखी एक वेढा दिला.

बाईंनी एक डोळा उघडला. ‘माझ्याआधी तुमचाच सांधा जाम केला की.’

तेवढ्यात आतला फोन वाजला. मॅडम होत्या. हळू बोलत होत्या. ‘बाईंच्या आधीचा शेवटचा विषय चाललाय. सर कागद आवरतायत.’

बाई उठून बसल्या. मी आधार दिला तो त्यांनी दूर केला. पट्ट्याच्या टोकाशी जाऊन त्या उभ्या राहिल्या, पाऊल सैल सोडून, नुसत्या श्वास घेत. थांबाने डाव्या अंगठ्याने व्हिडिओ सुरू केला, डावा हात फोकसच्या कड्यावर ठेवला आणि बांधलेला उजवा हात पाठीमागे नेला.

‘या,’ तो म्हणाला.

पहिलं पाऊल घासलं. मला तो आवाज अजून ऐकू येतो. दुसऱ्यांदा टाच उचलली गेली, पाऊल लोंबलं, आणि मग बोटं थरथरत, जड दार ढकलावं तशी, वर गेली. टाच आधी टेकली. पुढचं पाऊल पुन्हा घासलं. पाठीमागे थांबाच्या हाताची बाकीची बोटं त्या बांधलेल्या बोटाभोवती मिटली होती.

बघायला वेळ नव्हता. तो तिकाटण्यासकट कॅमेरा उचलून चालू पडला. मी मागोमाग. बैठकीची खोली वरच्या मजल्यावर, आणि आमच्यासारख्यांनी तिथे जायची पद्धत नव्हती. मॅडमनी दार उघडं धरलं होतं. मोठे सर उभे होते, बॅग खांद्याला. वायर टीव्हीला जोडताना थांबाच्या त्या बोटामुळे दोनदा सुटली, मॅडमनी जोडली.

सर उभ्याउभ्याच बघत होते. पाऊल घासलं तेव्हा त्यांनी मान हलवली. दुसरं पाऊल आलं. ‘मागे घ्या,’ ते म्हणाले. मागे घेतलं. ‘पुन्हा.’ मग बॅग खाली ठेवली आणि टीव्हीजवळ खुर्ची ओढली.

‘हे कधीचं?’

‘आत्ताचं, सर,’ मॅडम म्हणाल्या.

सर म्हणाले, ‘उद्या घेऊ नका हिला. व्यायाम द्या. काही महिन्यांनी असंच पुन्हा काढा, दोन्ही शेजारी ठेवून बघू. सांधा काय, नंतरही जाम करता येतो. उघडता येत नाही.’ उठताना त्यांचं लक्ष थांबाच्या हाताकडे गेलं. ‘तुम्हाला काय झालं?’

‘काही नाही साहेब. तात्पुरतं आहे.’

खाली दुकानाचा माणूस वाट बघत होता. ‘मग काका? ठेवायचा की न्यायचा?’

‘ठेवायचा. फक्त व्हिडिओ चालू असताना ते फोटोचं बटण मुकं करता आलं असतं तर बरं होतं.’

‘येतं की. सेटिंगमध्ये आहे.’

थांबा त्याच्याकडे वळला. ‘मग आधी का नाही सांगितलंस?’

‘तुम्ही विचारलंत कुठे?’

‘कॅमेरा ठेवून घे,’ थांबा मला म्हणाला, ‘आणि ह्याला परत पाठव.’

मी बँडेज कापायला कात्री घेतली, पण त्याला धीर नव्हता. तसाच वॉर्डात गेला. बाई खाटेवर बसल्या होत्या, दोन्ही पाय खाली सोडून. शेजारी नर्स उभी होती. उद्याच्या ऑपरेशनच्या सगळ्या सूचना तिने नुकत्याच दिल्या होत्या.

बाईंनी थांबाला बघितलं, पण विचारायचं ते विचारलं नाही. म्हणाल्या, ‘काका, ह्या म्हणतायत रात्रीपासून काही खायचं नाही. पाणीसुद्धा नाही.’

थांबा म्हणाला, ‘जेवा, ताई. पोटभर जेवा.’