साडूंचा पाय जड नव्हता

माझ्या साडूंना सगळे नातेवाईक ‘जडपाया’ म्हणतात. ते नाव मी पाडलं, आणि ते खोटं आहे.

नांदेडला माझ्याकडे जुनी इंजेक्शनवाली गाडी आहे. त्या सुरुवातीच्या गाड्यांत हवेत पेट्रोल किती मिसळायचं, त्यासाठी बॉनेटखाली एक बारीक स्क्रू असे. गाडी सिग्नलला बंद पडायची, म्हणून पेट्रोल वाढवायला मी तो स्वतःच फिरवला. गुण आला. मग खुशीत आणखी एक फेर दिला.

दुसऱ्याच दिवशी साडू ती गाडी घेऊन किल्लारीला गेले. टाकी वाटेतच आटली. गाडी परत आली ती सायलेन्सरभर काजळी घेऊन. कारण मला तिथंच कळलं, पण बायको समोर उभी होती. मी म्हणालो, “ॲक्सिलरेटरवर साडूंचा पाय फार जड आहे बुवा.” रात्री गुपचूप स्क्रू पुन्हा जागेवर आणला.

झालं! प्रत्येक लग्नात तीच थट्टा. साडूंनी हळूहळू स्टेअरिंगला हात लावणंच सोडलं.

यंदा लातूरला त्यांच्या नातवाच्या जावळाला मी त्याच गाडीनं गेलो, त्यांना बाजूला घेतलं आणि खरं काय ते सांगितलं.

“मला कानात काय सांगून राहिले?” साडू म्हणाले. “बोंबललात पंगतीत, तर सांगा बी पंगतीतच.”

पंगतीत उभा राहून सांगितलं. मेहुणीचे डोळे भरून आले. “बघा, दाजी किती मोठ्या मनाचे! ह्यांचा दोष अंगावर घेऊन राहिले.”

“अगं, मन कसलं मोठं, खरंच मी...”

“राहू द्या दाजी, भात घ्या.”

साडू पानावरून उठले. “पेचकस हाय का गाडीत?”

अंगणात सगळी पंगत जमली. साडू मुद्दाम लांब बाजेवर बसले, दोन्ही पाय सगळ्यांना दिसतील असे समोर पसरून. मी गाडी चालू केली, खाली उतरलो आणि पेचकसानं स्क्रू फिरवला. इंजिन घुटमळलं आणि मागून काळा भपकारा निघाला, नेमका बायकोच्या मामांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर.

मेहुणीनं रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पायांकडे. “दाजी! इतकी वर्सं?”

“आधी मामांना घरी सोडून येतो,” म्हणत साडू उठले, मामांना गाडीत बसवलं आणि थेट स्टेअरिंगवर जाऊन बसले. स्क्रू उलटा फिरवायचा राहिला, हे ओरडून सांगेपर्यंत ते गल्लीच्या टोकाला पोचले होते. गल्लीभर काळा धूर, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.