दूध उतू चाललंय, आमेन

मला कुणाचीही नक्कल येते. बारशाला गेले तरी लोक म्हणतात, आधी सरपंचाचं भाषण होऊ द्या. पण नकलेत मला मात देणारा एकच माणूस भेटला, आणि तो देवऋषी होता.

आमचं गाव चकलांब्याच्या बाजूला. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. शेजारी मेंढरं राखणारं कुटुंब, मधे पत्र्याची भिंत. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते, गाव मावशी म्हणतं. आत्या रोज सकाळी स्वयंपाकघरात बसून मोठ्यानं प्रार्थना करतात. डोळे मिटलेले, कान उघडे. देवाशी बोलता बोलता मला कामं सांगतात. देवाला त्याचं काही वाटत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे.

शेजारच्या सुनेचं बाळ जन्मतःच गेलं. तेव्हापासून पोर कोपरा धरून बसली. खाणं नाही, झोप नाही, मधेच किंचाळायची. आत्या दोनदा तिच्याजवळ जाऊन बसल्या, हात धरून प्रार्थना केली, आणि पोर घोटभर चहा प्याली. झालं! मावशीकडं मंतर हाय, असं गावभर झालं.

मांजरसुंब्याकडचा देवऋषी तो मंतर मागायला आमच्या दारात आला.

"मंतर न्हाई बाबा," आत्या म्हणाल्या. "मी आपली बापाशी बोलते."

त्याला वाटलं, म्हातारी लपवतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पत्र्यापलीकडं मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून उभा राहिला.

मग भर दुपारी शेजारच्या अंगणात कार्यक्रम. लिंबू, धूर, कडुलिंबाचा डहाळा. मी अर्थातच पुढच्या रांगेत. देवऋषीनं दोन्ही हात वर केले आणि आत्यांच्या सुरात, आत्यांच्या खोकल्यासकट सुरू केलं:

"हे आमच्या स्वर्गातल्या बापा, या लेकराची भीती काढ. अगं ए, दूध उतू चाललंय, गॅस बारीक कर! येशूच्या नावानं मागते. आमेन."

लोकांनी हात जोडले. माझ्या मागचा म्हातारा भक्तिभावानं पुटपुटला, "गॅस बारीक कर." मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या पोरीनं मान वर केली. "मावशी कुठंय? तू कोण बे?"

अख्खं अंगण हसलं. देवऋषीचा चेहरा पडला. त्यानं बादलीत भिजत घातलेला दोर उचलला. "ही न्हाई बोलत, हिच्या आतलं बोलतंय. धरा हिला."

तिच्या नवऱ्यानं आणि दिरानं तिचे हात धरले. माझं हसू जागीच थिजलं.

आणि आत्या आल्या. हाताला भाकरीचं पीठ तसंच.

"दोर इकडं दे."

"मावशी, तुमी मधी पडू नका," पोरीचा सासरा म्हणाला. "आमच्या घरचा मामला हाय."

"लेकराला झोडायचा मामला कुणाच्याच घरचा न्हाई. मारायचंच तर आधी मला मारा."

देवऋषी चिडला. "कावून अडवता? तुमच्याच देवाचं नाव घेतलंय की. एक शब्द चुकला न्हाई!"

"शब्द न्हाई चुकला. पण ज्याला हाक मारलीस त्याला तू ओळखत न्हाईस. येशूच्या पाठीवर असेच कोरडे ओढले होते, बाबा. त्याचं नाव घेऊन तू दोर उचलतोस?"

आवाज चढला नाही. पिठाचा हात फक्त पुढे झाला, आणि त्या दांडग्या माणसानं मुकाट दोर त्यात ठेवला. नवऱ्यानं बायकोचा हात सोडला. दिरानंही सोडला.

आत्या मातीतच बसल्या. पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. "बापा, हिचं लेकरू तुझ्यापाशी हाय. हिला एकटी ठेवू नको." एवढंच. आमेन म्हणायचंही राहिलं, कारण पोरीनं हंबरडा फोडला. बाळ गेल्यापासून ती रडलीच नव्हती. मग तिनं स्वतःहून भाकरी मागितली.

"उद्या हिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात दाखवायची," आत्यांनी फर्मावलं.

"म्हंजे तुमचा देव कमी पडला?" सासऱ्यानं टोमणा मारला.

"डॉक्टर काय सैतानानं धाडलेत का?"

औषध चालू आहे, पोर सुधारतेय. शहाणे लोक मला समजावतात की तिला मायेचा स्पर्श मिळाला, बाकी काही नाही. म्हणा खुशाल! आत्यांचा आवाज मी हुबेहूब काढते, खोकल्यासकट. पण त्या आवाजात मी दोर मागितला असता, तर माझ्याच पाठीवर बसला असता. देवऋषीला जे ठाऊक नव्हतं ते मला तरी ठाऊक आहे.

तो दोर आमच्या अंगणात कपडे वाळत घालायला बांधलाय. देवऋषी अधूनमधून येऊन मागतो. आत्या म्हणतात, "ने की, कपडे वाळले की ने." आणि तो फाटकाशी दिसला रे दिसला, की शेजारची पोर धावत येते, आपली ओली साडी दोरावर टाकते आणि ठणकावून सांगते, "अजून वाळली न्हाई!"