यांच्या हाताखालची चार माणसं

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी नवऱ्याला बढती देऊन टाकली.

हे भिवंडीत लूमवर कापड विणायचे. यांच्या हाताखाली होता तो फक्त लूम, आणि तोही ऐकायचा नाही! पण माहेरी, दिघाशीला, आबांनी विचारलं, "जावयांच्या हाताखाली किती माणसं हायत?" तोंडात लाडू होता, म्हणून मी चार बोटं दाखवली. (पाच दाखवणार होते, पण अंगठ्याने उरलेला लाडू धरला होता.)

आठच दिवसांत आबांचा निरोप आला. "आभाळ भरलंय. भात खळ्यावर उघडं पडलंय, मजूर मिळत न्हाय. जावयांची चारी माणसं धाडा."

"कुठली चार?" यांनी विचारलं.

मी रडतरडत सगळं सांगितलं. भात भिजलं तर आबांचं वर्ष जाणार, आणि खरं कळलं तर यांची किंमत! हे चपला घालून बाहेर गेले. मी एकटीनेच पुढे माहेर गाठलं.

शुक्रवारी लूमला सुट्टी. अंबाडीला बसमधून उतरून हे चालत आले, आणि मागे खरोखरच चार माणसं! मला तर आभाळ ठेंगणं झालं. तिघं लगेच भात झोडायला लागले. चौथे, पांढऱ्या मिशांचे रामदुलारे, बसून तंबाखू मळत होते.

"अहो, बसायला बोलावलंय का?" मी कडाडले. "पेंढा उचला!"

"जी, भाभी."

"नीट रचा! लूमवरपण असंच करता का?"

हे इतके खोकले, की आबांनी पाण्याचा तांब्या आणला.

चहाला पाच कप धड होते, एक कान तुटलेला. तो मी मुद्दाम रामदुलारेंना दिला.

शेवटचा दाणा घरात आला आणि पाऊस कोसळला. आबा खूश! "जावई, माणसं गुणाची हायत. ह्या म्हाताऱ्याला तेवढा कामावरून काढा."

"मी कसा काढू, आबा?" हे खाली बघत म्हणाले. "तेच मला काढतील. ते आमचे मुकादम हायत. माझ्या हाताखाली कोण न्हाय."

अगं बाई! कुठे तोंड लपवू, असं झालं मला.

रामदुलारे मिशीतला पेंढा झटकत हसले. "छुट्टी के दिन कौन मुकादम, बाबूजी? आज तो भाभी का राज है."

आबांनी उठून स्वतःच्या हाताने त्यांच्या कपात चहा ओतला. तो कप मी भिवंडीला घेऊन आले. पुढे रामदुलारे घरी आले की दारातूनच ओरडायचे, "भाभी, हमारा कानटूटा!" हे हसत सुटायचे आणि मी चुलीआड लपायचे.

आता हे नाहीत. रामदुलारे गावी गेले ते परत आलेच नाहीत. लूमच्या खडखडाटाने तेव्हा डोकं उठायचं, आता तोच ऐकायला जीव तुटतो.

परवा सून म्हणाली, "आई, हा फुटका कप टाकून देऊ?"

"राहू दे गं," मी म्हटलं. "ह्या घरात तुझ्या हाताखालचं माणूस आता मी एकटीच. मला चहा कशात देशील?"